सर्व्हर वाटून घेतले म्हणून पोलीस थांबत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चीनमधल्या सोशल मीडियावरच्या सेन्सॉरशिपबद्दलचा लेख वाचला. लेख चांगला होता, मराठीत या विषयावर इतकं सविस्तर फारसं कोणी लिहीत नाही, त्यामुळे आधी अभिनंदन. पण शेवटी लेखकाने जी उडी मारली, की आता मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, नॉस्टर असे डिसेंट्रलाइज्ड प्लॅटफॉर्म आलेत, कुणा एकाच्या हातात बटण नाही, तेव्हा सेन्सॉरशिपचे दिवस भरले, ती काही पटली नाही. आणि परवा त्यावर एका वाचकाचं पत्र आलं त्यात एकदम दुसरं टोक, की चिनी माणसाला याचं काही सोयरसुतकच नाही, खिशात पैसा आला की बास. दोन्ही वाचून राहवेना म्हणून लिहायला बसलो. मी पुण्यात एका आयटी कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करतो आणि हौस म्हणून मित्रमंडळींसाठी मॅस्टोडॉनचा एक छोटा सर्व्हर चालवतो, त्यामुळे यात घोडं कुठं पेंड खातंय ते थोडंफार माहीत आहे. पत्र लांबलंय, जागा नसेल तर बिनधास्त कापा.

आधी त्या सोयरसुतकवाल्यांसाठी. मार्च २०२० मध्ये वुहानच्या सेंट्रल हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाच्या प्रमुख डॉ. आय फेन यांची मुलाखत चीनमधल्याच 'रनवू' नावाच्या मासिकाने छापली. नव्या आजाराचा लॅब रिपोर्ट त्यांनी डिसेंबरमध्येच इतर डॉक्टरांना पाठवला होता आणि त्याबद्दल हॉस्पिटलने त्यांनाच झापलं, असं सगळं त्यात होतं. १० मार्चला ही मुलाखत वीचॅटवर, म्हणजे त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपवर, आली, नेमके त्याच दिवशी शी जिनपिंग वुहानच्या दौऱ्यावर, काही तासांत मुलाखत गायब. मग लोकांनी काय केलं? तीच मुलाखत उलट्या क्रमाने टाइप करून टाकली, इमोजीत टाकली, मोर्स कोडमध्ये टाकली, कासवाच्या कवचावर कोरायचे त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या लिपीत टाकली, क्यूआर कोड करून टाकली, कुणी तर स्टार ट्रेकमधल्या क्लिंगॉन भाषेत टाकली. सेन्सॉरचं मशीन शब्द ओळखतं ना, मग शब्दच ओळखू येणार नाहीत असं करा. ज्यांना काही पडलेलं नाही ते लोक रात्र जागून क्लिंगॉनमध्ये टायपिंग करत बसत नाहीत हो.

आणि हे काही एकदा झालेलं नाही. ४ जून १९८९ ला बीजिंगच्या तियानमेन चौकात आंदोलकांवर लष्कर घातलं, त्याचं नाव घेता येत नाही म्हणून '३५ मे' लिहायचं, ते ब्लॉक झालं की 'आठचा वर्ग' लिहायचं म्हणजे चौसष्ट, सहा-चार. २०१३ मध्ये तियानमेनच्या त्या प्रसिद्ध फोटोतल्या रणगाड्यांच्या जागी मोठी पिवळी रबरी बदकं लावलेला फोटो फिरला तर 'मोठं पिवळं बदक' हा शब्दच सर्चमधून उडाला. २०१७ मध्ये शांततेचं नोबेल मिळालेले सरकारविरोधी लेखक लिऊ शियाओबो वारले तेव्हा वेइबोवर, म्हणजे तिथल्या ट्विटरवर, मेणबत्तीची इमोजी चालेना. हसू येतं वाचताना, पण तिथे बसून हे रोज करायचं म्हणजे वैताग आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याला वाटतं सेन्सॉरशिप म्हणजे बीजिंगमध्ये एक मोठं ऑफिस, तिथे एक बटण, ते दाबलं की पोस्ट गेली. तसं नाहीये. तिथली खरी गंमत म्हणजे सरकारने हे काम कंपन्यांच्याच गळ्यात घातलंय. वेइबो ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झालं, म्हणजे शिनजियांगमधल्या उरुमचीच्या दंगलीनंतर फेसबुक-ट्विटर बंद केल्यावर लगेचच, आणि कंपनीने पहिल्यापासून स्वतःच्या पगारावर सेन्सॉर ठेवले. लिऊ लिपेंग नावाचा एक माणूस वेइबोच्या तियानजिनच्या ऑफिसात हेच काम करायचा, नंतर अमेरिकेला गेला आणि सगळं बाहेर काढलं. त्याने सांगितलेल्या प्रकारांतला एक मला फार खतरनाक वाटतो, पोस्ट डिलीट करायचीच नाही, फक्त लिहिणाऱ्यालाच दिसेल अशी ठेवायची. तो बिचारा बसतो वाट बघत, कुणीच कसं लाइक करेना, आपलंच काहीतरी चुकलं असेल. भांडायला समोर कुणी नाहीच.

कंपनीने ढिलाई केली तर दंड. चीनच्या सायबरस्पेस प्रशासनाने, म्हणजे इंटरनेटवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२१ च्या जानेवारी ते नोव्हेंबरमध्ये वेइबोला ४४ वेळा दंड केला, एकूण १ कोटी ४३ लाख युआन, आणि वर डिसेंबरमध्ये आणखी ३० लाख. पुस्तकं-सिनेमावाल्यांची डोउबान म्हणून एक साइट आहे, तिलाही त्याच महिन्यात १५ लाखांचा दंड, शिवाय अ‍ॅप स्टोअरमधून अ‍ॅप बाहेर. असं असल्यावर कंपनी नियमापेक्षा चार पावलं पुढे जाऊनच कापणार ना, तिला कशाला कोर्टकचेरीची हौस.

आणि कापतात काय, हे पण बघण्यासारखं आहे. हार्वर्डच्या गॅरी किंग आणि त्यांच्या दोन सहकारी जेनिफर पॅन, मार्गारेट रॉबर्ट्स यांनी २०१३ मध्ये चिनी पोस्टचा मोठा अभ्यास छापला, त्यातून दिसलं की सरकारवर नुसती टीका, शिव्या, भ्रष्ट अधिकाऱ्याची उणीदुणी, हे बरंचसं तसंच राहतं, पण ज्या पोस्टमुळे लोक एकत्र जमतील, रस्त्यावर येतील अशी शंका येते ती लगेच उडते, मग ती सरकारच्या बाजूची असली तरी. म्हणजे भीती शिव्यांची नाही, गर्दीची आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्यालाही याची चव मिळालीय. जून २०२० मध्ये गलवान झालं तेव्हा भारतीय दूतावासाच्या वीचॅटवरून पंतप्रधानांचं निवेदनच उडालं. मग आपण ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, मोदींनी २०१५ मध्ये उघडलेलं वेइबोचं खातं बंद करायला घेतलं, ११५ पैकी ११३ पोस्ट एकेक करून काढल्या, पण दोन निघेनात, कारण त्यात शी जिनपिंग यांच्याबरोबरचा फोटो होता आणि त्यांचा फोटो असलेली पोस्ट काढणं वेइबोवर सोपं नाही अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. काय बोलणार! हे हसण्यावारी नेता येईल, पण पुढचं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने गलवानमध्ये स्वतःचे चार सैनिक गेले असं जाहीर केलं, त्यावर चिऊ झिमिंग नावाच्या एका ब्लॉगरने वेइबोवर शंका घेतली की खरा आकडा जास्त असणार. पंचवीस लाख फॉलोअर असलेला माणूस. शहिदांची बदनामी म्हणून नानजिंगच्या कोर्टाने त्याला आठ महिन्यांची शिक्षा दिली. आपल्या सीमेवरची घटना, आपले वीस जवान गेले त्याच घटनेबद्दल, आणि आत गेला तो चिनी माणूस. हे मराठी पेपरात फारसं आलंच नाही.

अशा ठिकाणी डिसेंट्रलाइज्ड प्लॅटफॉर्मचं आकर्षण वाटणारच, आणि ते मला शंभर टक्के कळतं. तिथे लोक खातं 'उडवलं' गेलं असं म्हणतात आणि नवीन खातं काढून परत आले की 'पुनर्जन्म' झाला म्हणतात. पण पुनर्जन्मात मागचं काही येत नाही, दहा वर्षांच्या पोस्ट, फोटो, ओळखी सगळं खलास, आणि वीचॅट म्हणजे नुसत्या गप्पा नाहीत, पैसे, तिकिटं, ऑफिस सगळं त्यातच. त्यामुळे साधारण २०१९ पासून डोउबान आणि वेइबोवरचे बरेच लोक मॅस्टोडॉनवर सरकायला लागले, त्याला ते लांब केसांचा हत्ती म्हणतात. आपल्याकडेही योगायोगाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्यावर लोक मॅस्टोडॉनवर धावले होते, आठवत असेल. आपले बहुतेक महिन्याभरात परत आले. चिन्यांना परत यायला जागा नव्हती हा फरक.

मॅस्टोडॉन चालतं ईमेलसारखं. जीमेलवाला याहूवाल्याला मेल पाठवतो तसं एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याला फॉलो करतो, मालक एक नाही. पण हे ऐकायला जितकं छान तितकं चालवायला नाही. माझ्या सर्व्हरवर आम्ही ओळखीचीच मोजकी मंडळी, तरी बाहेरच्या लोकांच्या फोटो-व्हिडिओंच्या तात्पुरत्या प्रती माझ्या सर्व्हरवर साठत राहतात, डिस्क भरते, मग रात्री कमांड मारून साफ करा, भाडं खिशातून भरा, कुणी कुणाला शिवी दिली की रिपोर्ट माझ्याकडे. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यासारखं आहे, पगार शून्य आणि बोलणी सगळ्यांची. आता हेच काम एखाद्या चिनी पोराने करायचं, सर्व्हर परदेशात ठेवून, नाव लपवून, घरचे मात्र चीनमध्ये. त्याने किती दिवस चालवावं? त्यात मॅस्टोडॉनवरचे खाजगी मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो वाचू शकतो, हे वापरणाऱ्या अर्ध्या लोकांना माहीतच नसतं. आणि सर्व्हर बंद पडला तर दुसरीकडे जाताना फॉलोअर नेता येतात, जुन्या पोस्ट नेता येत नाहीत. म्हणजे परत पुनर्जन्मच.

बरं, नॉस्टर त्याच्या पुढचं. तिथे खातंच नाही, फक्त दोन किल्ल्या, एक जाहीर आणि एक गुप्त, पोस्टवर गुप्त किल्लीने सही करायची आणि हव्या तितक्या रिले सर्व्हरवर सोडून द्यायची. एका रिलेने काढली तरी बाकीच्यांवर राहते. फोन नंबर नाही, नाव नाही, मस्त. त्याचं आयफोनवरचं डेमस नावाचं अ‍ॅप ३१ जानेवारी २०२३ ला अ‍ॅप स्टोअरवर आलं आणि चीनच्या अ‍ॅप स्टोअरमधून २ फेब्रुवारीला गेलंसुद्धा. दोन दिवस! अ‍ॅपलने कारण दिलं ते सायबरस्पेस प्रशासनाचं, आणि त्यात ज्या नियमाचा दाखला होता तो काय, तर 'जनमत घडवण्याची किंवा समाजाला एकत्र आणण्याची क्षमता' असलेल्या सेवेची सुरक्षा तपासणी. वर गर्दीची भीती म्हणालो ती हीच, कागदावर लिहिलेली. तेव्हा प्रोटोकॉल कितीही विकेंद्रित असू दे, तो फोनमध्ये येणार ज्या दारातून ते दार एकाच कंपनीचं, आणि त्या कंपनीचं चीनमध्ये पोट अडकलेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्याच दारातून व्हॉट्सअ‍ॅप, थ्रेड्स, सिग्नल, टेलिग्राम बाहेर काढले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एअरड्रॉपची (आयफोनवरून जवळच्या आयफोनला थेट फाइल पाठवतात ते) 'सगळ्यांकडून' घ्यायची सोय अ‍ॅपलने दहा मिनिटांवर आणली ती पण आधी चीनमध्येच, लोक मेट्रोत त्यावरून निषेधाची पत्रकं फिरवत होते त्यानंतर. लेखकाने या दाराबद्दल एक ओळ लिहिली नाही, ते मला खटकलं.

आता असं वाटेल की हा माणूस नुसता पाणी टाकतोय. तसं नाही, एक उदाहरण सांगतो जे मी कॉलेजच्या पोरांना नेहमी दाखवतो.

एप्रिल २०१८. पेकिंग विद्यापीठातल्या आठ विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडे वीस वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणाची माहिती मागितली, एका विद्यार्थिनीवर प्राध्यापकाने बलात्कार केल्याचा आरोप, १९९८ मध्ये तिची आत्महत्या. त्या आठातली एक युए शिन. रात्री एक वाजता विद्यापीठाचे समुपदेशक तिच्या आईला घेऊन हॉस्टेलच्या खोलीवर आले, झोपेतून उठवलं, फोन आणि लॅपटॉपमधलं या अर्जाबाबतचं सगळं डिलीट कर म्हणाले. तिने हे सगळं एका उघड्या पत्रात लिहून टाकलं, पत्र वीचॅटवर फिरलं की उडायचं, फिरलं की उडायचं. मग २३ एप्रिलला कुणीतरी, कोण ते कळलं नाही, इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे हजारो मशीनवर एकदम ठेवलेल्या जाहीर वहीत, स्वतःच स्वतःला शून्य इथर (तिथलं चलन) पाठवले आणि त्या व्यवहाराबरोबर जी टीप जोडता येते त्यात हे अख्खं पत्र चिकटवून दिलं. खर्च साधारण अर्धा डॉलर. इथरस्कॅन नावाच्या साइटवर जाऊन तो व्यवहार उघडा, खाली इनपुट डेटाच्या चौकटीत नुसती आकड्या-अक्षरांची खिचडी दिसते, बाजूचा पर्याय बदलून यूटीएफ-८ करा, की समोर चिनीत अख्खं पत्र. आजही. जगभरच्या हजारो मशीनवर त्याची प्रत आहे, ते काढायचं तर सगळी साखळीच मोडायला लागेल. त्याच वर्षी जुलैमध्ये मुलांच्या बोगस लशींवरचा एक गाजलेला लेखही लोकांनी असाच तिथे नेऊन ठेवला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

पण पुढे काय झालं ते पण सांगायला पाहिजे. त्याच युए शिनने उन्हाळ्यात जासिक नावाच्या कारखान्यातल्या कामगारांना युनियन काढायला मदत केली, २४ ऑगस्ट २०१८ ला ग्वांगदोंगमध्ये पोलिसांनी त्या सगळ्या मुलामुलींवर धाड घातली, तिला उचललं आणि तिथून ती गायब. पत्र राहिलं, मुलगी गेली. आणि सरकारने फेब्रुवारी २०१९ पासून ब्लॉकचेनवर सेवा देणाऱ्यांनाही नियम लावले, वापरणाऱ्याची खरी ओळख घ्या म्हणून.

दुसरं उदाहरण २०२० चं. चेन मेइ आणि त्साय वेइ या दोन तरुणांनी गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटवर, सेन्सॉर झालेले लेख जमवून ठेवायचा प्रकल्प चालवला होता, वर सांगितलेल्या आय फेन यांच्या मुलाखतीसारखं साहित्य. गिटहब चीनला सहज बंद करता येत नाही, २०१३ च्या जानेवारीत करून बघितलं तर त्यांचेच प्रोग्रामर बोंबलले आणि दोन-तीन दिवसांत परत उघडायला लागलं. शिवाय त्यामागचं गिट हे सॉफ्टवेअर म्हणजे ज्याने क्लोन केलं, म्हणजे उतरवून घेतलं, त्याच्याकडे इतिहासासकट पूर्ण प्रत, मला विचाराल तर खरं डिसेंट्रलाइज्ड तेच, आणि त्याचा कुणी गाजावाजा पण करत नाही. तर लेख राहिले. आणि त्या दोघांना एप्रिल २०२० मध्ये पकडलं, ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, आरोप तोच नेहमीचा, भांडणं उकरून काढणे आणि गोंधळ घालणे.

म्हणून म्हणतो, लेखकाने दोन गोष्टी एकात मिसळल्यात. लिहिलेलं टिकवणं ही एक गोष्ट, त्यात हे तंत्रज्ञान खरंच कामाचं आहे आणि चिनी लोकांना त्याचं जे अप्रूप आहे ते यामुळेच. लिहिणारा टिकवणं ही दुसरी, आणि तिथे सर्व्हर एक असो की हजार, फरक पडत नाही कारण सरकार सर्व्हरच्या मागे नाहीच, ते फोन नंबरच्या मागे आहे. सिम घ्यायला ओळखपत्र, वेइबोला खरं नाव, २०२२ पासून प्रत्येक पोस्टखाली तुम्ही कुठल्या प्रांतातून लिहिताय ते, आणि १५ जुलै २०२५ पासून तर सरकारनेच दिलेला इंटरनेटचा ओळख क्रमांक, सध्या ऐच्छिक म्हणतात. २०१३ पासूनचा नियम असा की 'अफवा' ५०० वेळा शेअर झाली किंवा ५,००० लोकांनी पाहिली तर तुरुंगापर्यंत मजल जाऊ शकते, म्हणजे तुमचा गुन्हा किती मोठा ते तुमचे वाचक ठरवणार! वुहानचेच डॉ. ली वनलियांग यांनी तर वीचॅटवर फक्त आपल्या कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये त्या नव्या आजाराबद्दल लिहिलं होतं, काळजी घ्या म्हणून. चार दिवसांत ३ जानेवारी २०२० ला पोलिसांसमोर बसून ताकीदपत्रावर 'समजलं' असं लिहून वर अंगठा उठवायला लागला. महिन्याभराने, ७ फेब्रुवारीला, ते त्याच आजाराने, म्हणजे कोरोनाने, गेले. तो ग्रुप मॅस्टोडॉनवर असता तरी एक स्क्रीनशॉट पुरला असता.

आता एक गोष्ट मला स्वतःलाही नीट उलगडत नाही. ली वनलियांग यांची १ फेब्रुवारीची शेवटची पोस्ट वेइबोने उडवली नाही. त्याखाली दहा लाखांच्या वर कमेंट झाल्या आणि लोक वर्षानुवर्षं तिथे येऊन लिहितात, डॉक्टर आज परीक्षा आहे, डॉक्टर नोकरी गेली, डॉक्टर आमच्याकडे बर्फ पडला. वारले त्या रात्री 'आम्हाला बोलण्याचं स्वातंत्र्य हवं' हा हॅशटॅग काही तासांत पुसला, पण हे चालू दिलं. कदाचित एकेकटे येऊन रडणारे म्हणजे गर्दी नाही असा हिशोब असेल. किंवा पुसलं तर जास्त भडकतील अशी भीती. पण सगळ्यात जास्त सेन्सॉर होणाऱ्या ठिकाणीच हे टिकलंय, हे माझ्या वरच्या सगळ्या म्हणण्यात बसत नाही, तरी लपवून काय उपयोग.

शेवटचं, आपल्याकडचं. पुरवणीतल्या लेखात सगळा रोख चीनवर आहे आणि तो योग्यच आहे, तिथल्यासारखं इथे नाही, मी हे पत्र स्वतःच्या गावासकट पेपरला पाठवतोय हाच पुरावा. पण मे २०२३ मध्ये आपल्या सरकारने आयटी कायद्याच्या कलम ६९ अ खाली चौदा मेसेजिंग अ‍ॅप बंद केले, काश्मीरमधले दहशतवादी वापरतात म्हणून, त्यात एलेमेंट आणि ब्रायर हे दोन अगदी याच विकेंद्रित जातीचे आहेत, ब्रायर तर इंटरनेट नसताना ब्लूटूथवर पण चालतं. एलेमेंटवाल्यांचं म्हणणं की आम्हाला आधी काही कळवलंच नाही, आणि ६९ अ च्या नियमातच आहे की हे आदेश गोपनीय ठेवायचे, त्यामुळे कारण तपासून बघायची सोय नाही. त्यावर तुमच्या पुरवणीत कुणा जाणकार वकिलाकडून सविस्तर लिहून घेतलंत तर बरं होईल, मी त्यातला तांत्रिक भाग आनंदाने लिहून देईन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे